गाळलेलं एकोणिसावं प्रकरण

निवृत्तीनंतर माणूस काय करील याचा नेम नाही. गेल्या हिवाळ्यात मी रोज दुपारी चार ते साडेपाच, दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून, एका काळ्या किल्ल्यातल्या सरदाराचं प्रेमप्रकरण मोठ्यानं वाचत होतो. सरदार अर्धा मेलेला होता. त्याची बायको त्याच्या पेल्यात रोज थेंब थेंब विष घालत होती. त्याला ते ठाऊक होतं आणि तरी तो पेला रिकामा करत होता. पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते वाचता वाचता मराठीत करून सांगत होतो, कारण ऐकणारी माझी बायको होती आणि तिला अक्षरं दिसत नव्हती.

साखरेनं तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आणली होती. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आणि डॉक्टरांचं एकच पालुपद, सहा महिने धीर धरा. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहरा तेवढा पुसलेला, असं ती सांगायची. मला ते ऐकून वाईट वाटे. आपला चेहरा आता तिला दिसत नाही याचं जरा बरंही वाटे, पण ते नंतर.

ही पुस्तकं तिला आमच्या मुलीमुळे लागली. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि एक कपाटभर कादंबऱ्या मागे ठेवून गेली. सगळ्यांची मुखपृष्ठं काळी. त्यावर काटेरी गुलाब, नाहीतर खंजीर, नाहीतर दोन्ही. बायको पहाडगंजच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. मुलीला नेमकं कशावरून रागवायचं ते कळावं म्हणून तिनं त्यातली एक वाचायला घेतली. रागवायचं राहून गेलं. कपाट संपलं तेव्हा ती दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात जाऊन पिशवी भरून जुनी पुस्तकं आणू लागली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं झालं ते या मुडद्यांच्या संगतीत.

मी चेष्टा करायचो. भुतांची लग्नं वाचतेस, म्हणायचो. ती चष्म्यावरून बघून म्हणायची, "भुतांची नाहीत. ज्यांना चांगलं म्हणता येत नाही आणि वाईटही म्हणवत नाही, अशांची आहेत. तुमच्या टीव्हीतली सासू पहिल्या दिवसापासून वाईट. तिच्यात बघण्यासारखं काय असतं?"

डोळे गेल्यावर मुलीनं फोनवर उपाय सांगितला. "बाबा, ऑडिओबुक लावून द्या ना, यार. बिल्कुल सोपं आहे." लावून दिलं. बायकोनं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई विमान उशिरा येणार असल्याचं सांगतेय की नवरा मेल्याचं, काही कळत नाही. बंद करा."

मग मीच म्हणालो, मी वाचतो. चौतीस वर्षं केंद्राच्या एका मंत्रालयात काढली होती. इंग्रजी कागद वाचून त्याचा सारांश साहेबांना तोंडी सांगणं हा माझा हातखंडा होता. ती उठली, कपाटाशी गेली, पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत गेली आणि एकापाशी थांबून ते उपसलं. "हे वाचा."

पुस्तक चांगलंच वापरलेलं होतं. पाठ दोन ठिकाणी मोडलेली, पानांचे कोपरे दुमडलेले, मध्येच एका पानावर हळदीचा पिवळा डाग. बाजारातलं जुनं पुस्तक, कुणा बाईनं स्वयंपाकघरात वाचलेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि पहिलं पान उघडलं. सोबतचे कागद नीट न बघता मुख्य कागदावर सही करणारा अधिकारी मी नोकरीभर मूर्खांत जमा केला होता.

पहिल्या काही दिवसांत आमची पद्धत बसली. ती वेताच्या खुर्चीवर, पायावर शाल. मी समोर मोड्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर. आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. विमान आलं की मी थांबायचो आणि आवाज विरेपर्यंत पुढचं पान नजरेखालून घालून ठेवायचो. त्यामुळे अडचणीचं काही आलं तर तयारीला वेळ मिळे. अडचणीचं म्हणजे शृंगाराचं. त्या पुस्तकात दर चाळीस पानांनी ते येई आणि दीर्घ येई. सत्तरीकडे झुकलेल्या माणसानं ते बायकोला बाल्कनीत, खालच्या मजल्यावरच्या माथुरबाई वाळवण राखत बसलेल्या असताना, मराठीत काय म्हणून सांगायचं? मी एक वाक्य ठरवून टाकलं होतं. "मग ते दोघे जवळ आले."

"इतकंच?" ती विचारायची.

"इतकंच."

"पानं तर तीन उलटलीत."

"वर्णन आहे. किल्ल्याचं."

ती शाल सारखी करायची आणि म्हणायची, "पुढे." खून, शाप, तळघरातली हाडं, हे मात्र मी सगळं सांगायचो. त्याची मला लाज वाटत नसे.

गोष्ट थोडक्यात अशी. खारट दलदलीच्या कडेला किल्ला. सरदार दर हिवाळ्याला खोऱ्यातल्या एका माणसाच्या आयुष्याची काही वर्षं काढून घेतो आणि त्या बळावर समुद्र अडवून धरतो. तो नसेल तर खोरं बुडेल. आहे म्हणून माणसं अकाली म्हातारी होतात. खोऱ्यातली एक मुलगी त्याला मारायचं ठरवून त्याची बायको होते, आणि मारता मारता तिचा जीव त्याच्यावर जडतो. विष मात्र ती थांबवत नाही, फक्त कमी करते. सुरुवातीला मला हा सगळा पोरखेळ वाटला. दुसऱ्या आठवड्यात मी पावणेचारलाच मोडा बाहेर नेऊन ठेवू लागलो.

मग एकोणिसावं प्रकरण आलं.

त्या दिवशी लागोपाठ दोन विमानं उतरली, म्हणून मला ते पुरं चाळता आलं. सरदाराच्या बायकोची धाकटी बहीण खोऱ्यात आजारी आहे. ती पत्रांवर पत्रं पाठवते, ताई, एकदा येऊन जा. सरदार ती पत्रं मध्येच काढून घेतो आणि लोखंडी पेटीत ठेवतो. बायकोला सांगतो, हिवाळ्यात वाट बंद असते, कुणाचं काही आलेलं नाही. बहीण मरते. सरदार एकटा बसून पत्रं वाचतो, पुन्हा पेटीत घालतो, आणि रात्रीच्या जेवणाला बायकोसमोर बसून तिनं भरलेला पेला नेहमीसारखा रिकामा करतो.

दुसरं विमान उतरलं. माझी बायको वाट बघत होती. मी म्हणालो, "प्रकरण एकोणीस. हिवाळा फार कडक पडला. खोऱ्यातून येणारी वाट बंद झाली आणि कुणाचाच निरोप येईना."

"बरं. पुढे?"

"पुढे विसावं."

मी हे का केलं ते सांगायला हवं. त्यासाठी तेवीस वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तिची आई नागपूरला एकटी. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, शेजारच्या बाई खाऊ घालायच्या. तिचा भाऊ भिलाईला, त्याच्या घरात त्याचंच मावत नव्हतं. बायको म्हणाली, तुमच्या खात्याचं नागपूरला कार्यालय आहे, दोन-तीन वर्षांसाठी बदली मागा, मी शाळा सोडते. मी अर्ज केला. मनापासून केला, हे मी आजही सांगू शकतो. तीन महिन्यांनी बदली मंजूर झाली.

त्याच आठवड्यात मला कळलं की मंत्र्यांच्या कार्यालयासाठी माझं नाव चाललं आहे. त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून लोक दहा-दहा वर्षं झिजत. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बदली नको असल्याचं लेखी दिलं आणि घरी येऊन सांगितलं, "नामंजूर झाली."

ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. अकरा महिन्यांनी, डिसेंबरात, आई गेली. धुक्यामुळे गाडी नऊ तास उशिरा पोचली. शेवटचं दर्शन झालं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला तेवढी ती हजर होती. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. तिला वाटलं, मी स्वतःला दोष देतोय. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, सरकारपुढे."

दीड वर्षात मंत्री बदलले आणि मी पुन्हा जुन्या खोलीत आलो.

इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडी पडायचं काही कारणही नव्हतं. ज्या साहेबांनी तो कागद पाहिला ते वारले, त्या खात्याचं नावही बदललं. पण ते प्रकरण बाल्कनीत तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला माझी जीभ उचलेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आणि सरदारापेक्षा मी खालच्या पायरीवर होतो. त्यानं पत्रं दडवली ती बायको गेली तर परत यायची नाही या भीतीनं. मी दडवलं ते एका खुर्चीसाठी.

आता एक गाळलं म्हटल्यावर पुढचं सगळं सांभाळणं आलं. त्या पेटीचा उल्लेख पुढे पानोपानी. मी जुन्या पाकिटांच्या पाठीवर टिपा काढू लागलो. पेटी म्हणजे दागिन्यांची पेटी. बहीण बरी आहे, दूर देशी लग्न होऊन गेली. सरदार रात्री जागतो तो पाठदुखीनं. ही पाकिटं मी पुस्तकात खुणेसारखी ठेवायचो आणि वाचताना मिळवून घ्यायचो. एक खोटं निभावायला किती कारकुनी लागते, हे मला नोकरीत कळलं नव्हतं ते इथे कळलं.

चोविसाव्या प्रकरणात दासी बायकोला पत्रांबद्दल अर्धवट काही सांगते आणि बायको कमी केलेलं विष पुन्हा वाढवते. माझ्या मराठी आवृत्तीत तिनं चिडावं कशावर? मी म्हणालो, सरदार तिचा वाढदिवस विसरला.

"वाढदिवस?" माझी बायको म्हणाली.

"हो."

"त्यावरून ती त्याला मारायला निघाली?"

"स्वभाव असतो एकेकाचा."

"अच्छा," ती म्हणाली. बराच वेळ तिनं तोंड माझ्याकडेच धरलं होतं. तिला मी दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी मी पाकीट मांडीखाली सरकवलं.

असे तीन आठवडे गेले. मग अठ्ठाविसावं प्रकरण समोर आलं. त्यात बायको पेटी उघडते. पुरं प्रकरण पेटीचंच. त्याला पाकीट पुरणार नव्हतं. मी सांगितलं, घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, हवा खराब आहे, बाहेर बसायला नको. ते खरंही होतं, दिल्लीत हिवाळ्यात ही सबब कधी खोटी पडत नाही. तिसऱ्या दिवशी मी बँकेत काम काढलं आणि दोन तास सेक्टरच्या बाजारात उगाच हिंडलो.

चौथ्या दिवशी चार वाजता ती खुर्चीवर येऊन बसली. तिनं मला हाक मारली.

"अहो, मोडा आणा. आणि एकोणिसावं काढा."

"अठ्ठाविसावं," मी म्हणालो. "एकोणिसावं झालं."

"झालं नाही. पत्रांचं राहिलंय."

मला आधी वाटलं, मुलीनं फोनवर गोष्ट सांगितली असेल. तसं म्हणालोही.

"तिला कशाला विचारू?" ती म्हणाली. "मी हे पुस्तक दोनदा वाचलंय. हळदीचा डाग आहे ना एका पानावर? तो माझा आहे. आमटीला फोडणी देत होते आणि पुस्तक खाली ठेववेना. आवडतं आहे माझं, म्हणून तर तुम्हाला तेच काढून दिलं."

मी पुस्तक उघडलं. हळदीचा डाग एकशे शहाण्णवाव्या पानावर होता. एकोणिसाव्या प्रकरणात.

"तुम्ही चुंबनं गाळलीत, ते मला समजलं," ती पुढे म्हणाली. "खाली माथुरबाई असतात. हसू आवरत नव्हतं मला. पण मुडदा तुम्ही एकही गाळला नाहीत. मग पत्रं का गाळलीत? पहिल्या दिवशी वाटलं, विमानाच्या नादात पान निसटलं. मग बहिणीचं लग्न लावलंत, पाठदुखी काढलीत. मेहनत घेत होतात. तुम्ही कारणाशिवाय मेहनत घेत नाही. मी तीन आठवडे वाट बघतेय की हा माणूस कुठे थांबतो."

चढ्या आवाजात ती काही बोलत नव्हती. वर्गात चूक सापडलेल्या मुलाला उभं करून विचारावं तसं विचारत होती, आणि उत्तर तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं. मी अजूनही काहीतरी सांगू शकत होतो. बहिणीच्या मरणानं तुला आईची आठवण येईल म्हणून गाळलं, हे तर तोंडाशी आलं होतं. चांगलं वाक्य होतं. तिनं कदाचित मानलंही असतं.

"आधी वाचा," ती म्हणाली.

मी एकोणिसावं प्रकरण वाचलं. ओळ न् ओळ मराठीत केली. बहिणीची तिन्ही पत्रं वाचली. वाट बंद आहे हे सरदाराचं वाक्य वाचलं. मध्ये विमान आलं तेव्हा थांबलो नाही, आवाज चढवला. संपल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "नागपूरची बदली नामंजूर झाली नव्हती. मंजूर झाली होती. मी नको म्हणून लिहून दिलं."

तिनं विचारलं ते मला अनपेक्षित होतं.

"कागद आहे?"

सरकारी माणूस कागद फेकत नाही. आपण दिलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत आपल्यापाशी ठेवायची, ही सवय मला पहिल्या साहेबांनी लावली होती. तो कागद 'संकीर्ण' लिहिलेल्या फायलीत होता, बढतीच्या आदेशाच्या आणि क्वार्टरच्या चाव्या परत केल्याच्या पावतीच्या मध्ये. ती फाईल तीन घरं आमच्याबरोबर फिरली होती. दर वेळी सामान बांधताना तिनंच ती खोक्यात भरली होती. मी आत जाऊन ती काढली.

"वाचा," ती म्हणाली. "मराठीत."

चारच ओळी होत्या. मी म्हणालो, "माननीय महोदय, नागपूर कार्यालयात माझी बदली केल्याबद्दल आभारी आहे." इथे मी थांबलो. पुढे काय लिहिलं होतं ते मी तेवीस वर्षांत विसरलो होतो, म्हणजे विसरायचं ठरवलं होतं. आता ते समोर होतं, माझ्याच नेटक्या टाइप केलेल्या इंग्रजीत.

"पुढे."

"परंतु माझी पत्नी येथे शाळेत नोकरीस असून तिची दिल्ली सोडण्याची इच्छा नाही. तरी ही बदली रद्द करावी, ही विनंती."

खाली माथुरबाई कुणाला तरी हाक मारत होत्या. बायकोनं हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, बाजूला धरला, तिरकी मान करून कडेच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. तिला काही दिसलं नसणार.

"म्हणजे माझी इच्छा नव्हती," ती म्हणाली.

"तसं लिहिलं मी."

"सरकारदरबारी अजून तसंच असेल."

"हो."

"आणि गाडीत मी तुमची समजूत घालत होते."

मला या वाक्याची भीती होती. गेली तेवीस वर्षं होती. मी म्हणालो, "माझं चुकलं." फार लहान वाक्य होतं, तिथे पुरत नव्हतं. मला स्वतःची किळस आली. ती येऊन काही उपयोग नव्हता, आणि तेही मला कळत होतं.

ती उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येऊ लागला, सावकाश, चाचपत चिरल्याचा. मी जाऊन मदत करू का म्हणून दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "नको. भाजी मला हातानं दिसते."

मग नऊ दिवस पुस्तक बंद होतं. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर, इंजेक्शनला मी घेऊन गेलो, रिक्षात शेजारी बसलो. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, नीट बोलायची, जसं परगावच्या नातेवाइकाशी बोलावं. मुलीला तिनं काही सांगितलं नाही. पौर्णिमेला विहारात गेलो तेव्हा आईच्या नावानं तिनं मेणबत्ती लावली आणि दुसरी माझ्या हातात दिली. मी लावली. वातीनं पेट घ्यायला वेळ लावला. ती शेजारी उभी राहिली, पण हात पुढे केला नाही.

दहाव्या दिवशी चार वाजता ती आपली आपण बाल्कनीत आली. "अठ्ठावीस," म्हणाली.

मी उरलेलं सगळं वाचलं, पाच दिवसांत. काही गाळलं नाही. शृंगारसुद्धा नाही, फक्त तेवढ्यापुरता आवाज खाली आणला. अठ्ठाविसाव्यात बायको पेटी उघडते आणि सरदाराला समोर बसवून ती पत्रं त्याच्याकडून वाचून घेते. ते वाचताना मी वर बघितलं नाही. शेवटी सरदार म्हणतो, आता तू जा, वाट उघडली आहे. ती वाटेपर्यंत जाते आणि परत येते. त्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून आपल्या कमरेला लावते, पेला भरते, पण या वेळी आधी स्वतः एक घोट घेते, आणि म्हणते, उद्यापासून दिवे लवकर लावायचे. पुस्तक संपतं.

मी ते मिटून मांडीवर ठेवलं. ऊन कठड्यावरून उतरत होतं. मला वाटलं, ही वेळ बरी आहे.

"म्हणजे शेवटी माफ केलं तिनं त्याला," मी म्हणालो.

"कुठे?"

"राहिली ना ती."

"राहिली," ती म्हणाली. "माफ केलं असं कुठे लिहिलंय? मी दोनदा वाचलं आणि आता एकदा ऐकलं. मला तरी सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा."

तिनं शालीची घडी केली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर मी पुस्तक घेऊन बसलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बोट ठेवत, जुन्या फायलीत एखादा आदेश शोधावा तसा शोध घेतला. दलदल होती, हाडं होती, त्याच्यावाचून जगणं नको असं ती दोन ठिकाणी म्हणत होती. ते मात्र नव्हतं. हळदीच्या पानावर आलो तेव्हा माझ्या पाकिटांपैकी एक अजून तिथेच होतं. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, बहीण बरी आहे. मी ते फाडलं. मग तुकडे तसेच ठेवून दिले.

चार वाजता ती खुर्चीवर येऊन बसली. पायावर शाल घेतली.

"सापडलं का?"

"नाही."

"चलो," ती म्हणाली आणि शालीखालून एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. काळं मुखपृष्ठ, त्यावर खंजीर. पाठ कोरी करकरीत होती. "मुलीनं पाठवलंय. हे मी वाचलेलं नाही. यात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्ही सांगाल तेच मला कळणार." तिनं मान माझ्या दिशेनं वळवली. "बघा आता, कसं वाचता ते."